बऱ्या झालेल्या चेहऱ्यावर लेझर

"दादीजी, आप जरा पीछे हो जाइए. फोटो खराब हो रही है."

मैत्रेयीच्या होणाऱ्या सासूने, रोहनच्या आईने, हे हळू आवाजात सांगितलं. हसत. माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून. तिच्या बाजूला कॅमेरावाला मान तिरपी करून उभा होता. माझ्याकडे न पाहता त्याने मागच्या रांगेकडे हात केला. गोंदियाच्या बालाघाट रोडवरचं लॉन. मैत्रेयीचं फलदान, म्हणजे साखरपुडा. स्टेजवर इतका उजेड की साडीच्या जरीचा एकेक धागा दिसावा. त्या उजेडात माझा चेहरा.

मी मागे झाले.

एवढंच घडलं. कोणी आवाज चढवला नाही. कोणी शिवी दिली नाही. माझ्या जागेवर रोहनची मामी येऊन उभी राहिली. गोरी, गुळगुळीत. थोड्या वेळापूर्वी तिने मलाच विचारलं होतं की मुलीचं नाव नक्की काय. फोटो निघाला. मग दुसरा. मग जेवणाची घाई झाली आणि मी रांगेत प्लेट घेऊन उभी राहिले. भात कमी घेतला.

मैत्रेयी, तू पाहिलंस की नाही, मला माहीत नाही. तू ओटीतल्या नारळाकडे पाहत होतीस. अनिकेत, तू टोरंटोहून फोनवर बघत होतास, तुला स्टेजचा एक कोपरा तेवढा दिसत होता. म्हणून तुम्हा दोघांना हे लिहिते आहे. फोनवर मला हे जमणार नाही. फोनवर तुम्ही मला मध्येच हसवता. मी हसते आणि विषय संपतो.

माझ्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. तुम्ही ते जन्मापासून पाहता आहात, पण आपल्या घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही. तुमचे आजोबा बोलले नाहीत, ते त्यांच्या चांगुलपणामुळे. मी बोलले नाही, ते लाजेमुळे. पाच वर्षांची असताना मला तो रोग झाला. आमच्याकडे म्हणत, माय आली. लस टोचून टोचून त्या रोगाला जगातून घालवलं, त्यामुळे तुमच्या पिढीने तो पाहिलेला नाही. तो गेला, पण माझ्या गालांवर, नाकावर, कपाळावर खळगे ठेवून गेला. पाऊस संपल्यावर धानाच्या बांधीत गुरांचे खूर उमटतात आणि मग चिखल वाळतो, तसे. त्यात रंग काळा.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. माझे विद्यार्थी आजही रस्त्यात थांबून सांगतात की मॅडमचं अक्षर काय सुंदर होतं, फळा कसा भरलेला असायचा. फळा भरलेला असायचा कारण फळ्याकडे तोंड केलं की वर्गाकडे पाठ होते. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या लहानपणीचे फोटो काढून बघा. प्रत्येक फोटोत मी तुम्हाला उचलून धरलं आहे, अगदी माझ्या तोंडासमोर. लोक म्हणतात, आजीचा किती जीव होता. जीव होता. पण तुम्हाला तिथे धरलं होतं ते जीव होता म्हणून नाही.

फलदान झालं. तू आणि रोहन म्युनिकला परत गेलात. आठवड्याभराने रोहनच्या घरच्या राइस मिलची गाडी आपल्या दारात आली. ड्रायव्हरने एक टोपली उतरवली. मिठाई, सुका मेवा, माझ्यासाठी एक रेशमी साडी. साडीच्या घडीत सोनेरी रिबन लावलेलं कार्ड. गोंदियातल्या एका मोठ्या स्किन क्लिनिकचं. चेहऱ्याच्या लेझरचं पूर्ण पॅकेज, भेट म्हणून. वर माझं नाव. नावापुढे श्रीमती.

तुमच्या बाबांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाले, "आई, प्रेमाने दिलं आहे त्यांनी. नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही." त्या संध्याकाळी रोहनच्या आईचा फोन आला. लग्नाचा अल्बम मुंबईचे लोक करणार आहेत, व्हिडिओ ड्रोनने होणार आहे, सगळ्यांनी छान दिसायचं आहे, ती स्वतःही काहीतरी करून घेणार आहे, असं बरंच बोलली. चेहरा हा शब्द एकदाही घेतला नाही. आणि मैत्रेयी, त्यानंतर तुझा मेसेज. आजी, करून घे ना. इकडे सगळेच करतात. इट्स जस्ट स्किन.

जस्ट. आयुष्यभर मुलांना हा शब्द वाक्यात कुठे बसतो ते शिकवलं.

आता लाजेची गोष्ट सांगते. मला राग आला नाही. मला आनंद झाला. कार्ड आलं तेव्हा छातीत जे हललं तो अपमान नव्हता, आशा होती. सदुसष्ट वर्षांची बाई आरशासमोर उभी राहिली आणि गालाची कातडी बोटांनी ताणून बघू लागली की खळगे गेल्यावर मी कशी दिसेन. तुमच्या आजोबांच्या फोटोसमोरचा आरसा होता तो. मी फोटो उलटा करून ठेवला.

मग मी वाचायला बसले. इंग्रजी येत असल्याचा एक उपयोग असा की आपल्याला फसवणारी भाषाही वाचता येते. लेझर म्हणजे एकच गोष्ट नसते. एका प्रकारात कातडीचा वरचा थर जाळून उडवतात आणि खालून नवी कातडी येऊ देतात. तो सगळ्यांत जोरदार. चेहरा कित्येक दिवस सोलल्यासारखा ओला राहतो. दुसरा त्याहून उथळ, उष्णता कमी, परिणामही कमी. तिसऱ्यात सगळी कातडी जाळत नाहीत, बारीक बारीक ठिपके भाजतात आणि मधली कातडी शाबूत ठेवतात, म्हणजे तिच्या आधाराने जखम लवकर भरते. तो थोडा थोडा, अनेक वेळा करावा लागतो. चौथा वरून काही जाळतच नाही, आतल्या थराला शेक देतो. तो सोसायला सोपा, पण माझ्यासारख्या खोल खळग्यांना फारसा पुरत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी शेवटी, लहान अक्षरांत, एक वाक्य होतं. काळ्या वर्णाच्या लोकांनी सावध राहावं. त्यांच्या कातडीला भाजलं की ती जास्त काळी पडते, कधी पांढरी पडते, आणि ते डाग खळग्यांपेक्षाही वाईट दिसू शकतात.

म्हणजे उपचारही गोऱ्यांच्या मापाने शिवलेला. हे वाचूनही मी गेले.

क्लिनिकमध्ये आधी एक मुलगी भेटली. पांढरा कोट घातलेली. मी तिला डॉक्टर म्हटलं तेव्हा ती हसून म्हणाली की ती कौन्सेलर आहे. तिने माझे केस पट्टीने मागे बांधले, पावडर पुसायला सांगितली आणि तीन बाजूंनी फोटो काढले. ते फोटो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागले. माझा चेहरा भिंतीएवढा झाला. एकेक खळगा वाटीएवढा. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना काचेतून तो दिसत होता.

"हे बिफोर, आजी," ती म्हणाली. "आफ्टर बघाल तर स्वतःला ओळखणार नाही."

मी खाली पाहिलं.

डॉक्टरीणबाई नागपूरहून यायची, शनिवारी. तरुण, कमी बोलणारी. तिने पडदा बंद केला. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. तिने दिव्याखाली माझा चेहरा पाहिला, कधी जखमेवर गाठीसारखा वण उठला होता का, ओठांवर तापाचे फोड येतात का, उन्हात किती फिरते, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारलं. मी वाचून आले होते, म्हणून मीही विचारलं. मशीन कोण चालवणार, तुम्ही की दुसरं कोणी? माझ्यासारख्या रंगाच्या किती लोकांवर तुम्ही हे केलं आहे? तिने सरळ उत्तरं दिली. जोरदार लेझर तुम्हाला नको, म्हणाली. ठिपक्यांचा, तोही कमी ताकदीचा, महिना महिना मध्ये सोडून. वर्ष जाईल. आणि खळगे भरणार नाहीत, थोडे उथळ होतील. आधी कानामागे छोट्या जागेवर करून बघू, मग ठरवू.

मी विचारलं, लग्न उन्हाळ्याच्या तोंडाला आहे, तोपर्यंत काही दिसेल का.

ती म्हणाली, "फोटोसाठी करत असाल तर घाई करू नका."

तिला हे कसं कळलं ते मी विचारलं नाही. मला घाई होती.

कानामागे, जबड्याच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. बधिर करणारं मलम लावून मला बसवून ठेवलं, मग डोळ्यांवर चष्मा, मग थंड हवेची नळी आणि टक टक आवाज. दुखलं ते सांगण्यासारखं नाही. जळक्या केसांसारखा वास आला, तो मात्र घरापर्यंत आला. निघताना नर्सने बजावलं, खपली धरेल, खाज सुटेल, पण खाजवायचं नाही हं आजी, हात लावायचा नाही.

खपली धरली. खाज सुटली. दुपारी अंगणात वाळवण राखत बसले होते, आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला. मी स्वतःला म्हणाले, खाजवू नको. तेच शब्द. पण ते मी नर्सचे म्हणून ऐकले नाहीत. ते माझेच होते. नऊ वर्षांची असताना मी ते दुसऱ्या एका पोरीला रात्रंदिवस सांगत होते.

ते तुम्हाला सांगायला हवं.

आमचं गाव गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारापासून कोसभर आत. गावात मालगुजारांचं, गावच्या जमीनदारांचं घर, आणि गावाच्या बाहेर, नाल्याच्या पलीकडे, आमची घरं. आमच्या लोकांनी मालगुजारांच्या अंगणापर्यंत जायचं, ओसरीला हात लावायचा नाही. माझी आई त्यांच्या शेतात रोवणा करायची, चिखलात वाकून धानाची रोपं लावायची, आणि तहान लागली की ओंजळ करून बसायची. वरून पाणी ओतलं जायचं.

त्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीला माय आली. चार वर्षांची पोर. घरातलं कोणी तिच्याजवळ जायला तयार नाही. ज्याला एकदा माय येऊन गेली त्याला ती परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे वण असलेलं माणूस आजाऱ्याजवळ बसवायची पद्धत होती. आणि दुसरी पद्धत अशी की देवी घरात असेपर्यंत त्या घरात विटाळ नाही. कोणाचाच नाही. देवीच पाहुणी आहे म्हटल्यावर कोण कुठल्या वस्तीतलं हे विचारायचं नाही.

म्हणून माझं तोंड त्यांच्या कामाचं झालं.

मालगुजारीणबाई स्वतः आमच्या आईशी बोलली. पाठव पोरीले, म्हणाली, आपलीच पोर हाय. मी ओसरी ओलांडली. मधली खोली ओलांडली. आतल्या खोलीत शिरले, जिथे माझ्या बापाला जन्मात पाऊल टाकता आलं नसतं. पोरीच्या अंथरुणाजवळ माझं अंथरूण. कडुनिंबाच्या डहाळीने वारा घालायचा. थंड भात आणि दही त्यांच्याच ताटलीत मला मिळायचं. पोर अंग ओरबाडायची, मी तिचे दोन्ही हात धरून ठेवायची आणि सांगायची, खाजवू नको वं, खाजवू नको, माह्यासारखी होशील. ती माझं बोट धरल्याशिवाय झोपत नव्हती. मी तिला गोष्टी सांगायची. मला वाटायला लागलं होतं की हे घर मला ओळखतं.

पोर वाचली. खपल्या गळल्या. कडुनिंबाच्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं. गावाबाहेरच्या मातामायच्या ठाण्यावर नारळ फुटला, देवीची पाठवणी झाली. सगळे परत आले. मी खुशीत सवयीने ओसरी चढायला लागले.

मालगुजारीणबाई दारात उभी होती. "आता माय गेली," ती म्हणाली. "आता तू बाहेर हो. उंबरठ्याले हात नको लावू."

रागाने नाही. अगदी साध्या आवाजात. भांडी घासून झाली, आता आत ठेव, असं सांगावं तशी. तिच्या मागे दोन बायका माझं अंथरूण गुंडाळून परसात टाकत होत्या. ताटली राखेत पडली होती. जमिनीवर शेणाचा सारवा चालू झाला होता, मी बसायची तिथूनच. आतून पोर माझ्या नावाने रडत होती. मला तहान लागली होती. मी अंगणात ओंजळ केली आणि वरून पाणी आलं.

मी ते प्यायले. घटाघटा.

दोन वर्षांनी त्यांच्या नातवाला माय आली तेव्हा त्यांचा माणूस पुन्हा आमच्या दारात आला. आई उंबऱ्यात बसून सूप पाखडत होती. तिने हात थांबवला नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मोठ्या आवाजात बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, "माह्या पोरीचं तोंड बिमारीत चालते अन् मंग चालत नाही, असं नाही जमत. पोर येईन तं बारा महिने येईन. विचारून ये बाईले."

माणूस गेला, परत आला नाही. त्या हंगामात आईला त्यांच्या शेतात काम मिळालं नाही. ती लांबच्या गावी पायी जायची, अंधार पडल्यावर यायची. पण मला त्या ओसरीजवळ तिने परत कधी पाठवलं नाही. त्याऐवजी शाळेत पाठवलं. माझं इंग्रजी, माझी नोकरी, तुमच्या बाबांचं शिक्षण, तुमचं म्युनिक आणि टोरंटो, हे सगळं त्या एका नकारातून आलेलं आहे.

आणि त्या बाईची मुलगी मी, सोनेरी रिबनचं कार्ड पर्समध्ये जपून ठेवत होते. अंगणात बसल्या बसल्या माझे कान तापले. सोललेली जागा नाही. दोन्ही कान.

तरी मी लगेच शहाणी झाले नाही. लाज अशी एका दुपारी जात नाही. ठरल्या दिवशी मी पुन्हा क्लिनिकला गेले, कानामागची जागा दाखवायला. खपली पडली होती आणि खाली कातडी तळाशी लागलेल्या भातासारखी काळी झाली होती. तुमचे बाबा गाडीत थांबले. आत पाहते तर रोहनची आई आधीच बसलेली. म्हणाली, आपण घरच्याच, म्हटलं सोबत यावं.

डॉक्टरीणबाईने डाग पाहिला, दाबून पाहिला आणि सांगितलं की हीच भीती होती. हा डाग हळूहळू उतरेल, मलम देते, ऊन टाळा. पण चेहऱ्यावर आता काही करायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू.

रोहनच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईशी बोलली. "एक ही बार में कर दो ना डॉक्टर, वो जो बड़ावाला लेझर है. थोड़ी काली पड़ भी गई तो मेकअप है. वैसे भी…"

वाक्य तिने सोडून दिलं. पुढचं मला ऐकू आलं. रंग तर काळाच आहे, अजून काय काळी पडणार.

डॉक्टरीणबाई म्हणाली, मी करणार नाही.

मग रोहनची आई माझ्याकडे वळली. माझा हात हातात घेतला. मऊ, थंड हात. "दादीजी, फिर ऐसा करते हैं. हल्दी में आप घूँघट ले लेना, पुराने जमाने जैसा, अच्छा लगेगा. और पहली हल्दी मेरी भाभी लगा देगी, कैमरे के सामने. आप बाद में लगा देना, आराम से, घर में. बुरा मत मानना. हम तो आपको घर का ही समझते हैं."

आपलीच पोर हाय.

मैत्रेयी, तुझी आई गेली तेव्हा तू पहिलीत होतीस. तुझी वेणी मी घातली, तुझा ताप मी काढला, शाळेच्या नाटकात तुझ्या गालाला रंग मी लावला. मांडवात तुझ्या आईच्या जागी उभी राहायला माझ्याशिवाय कोणी नाही. पहिली हळद माझी आहे. मला ती कोणी द्यायची नाही, आणि काढूनही घ्यायची नाही. हे त्या खोलीत माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी जणू ती हळद मिळावी म्हणून चेहरा सोलून घ्यायला निघाले होते.

मी हात सोडवून घेतला. मी नेहमी शुद्ध बोलते, तुम्ही त्यावरून मला चिडवता. त्या क्षणी तोंडातून आईची भाषा आली.

"बाई, हा चेहरा बिमार नाही. बिमारी होती, ते गेली. हे बरं झाल्याचं हाय. याले कायले औषध करता? मैत्रेयीले पहिली हळद मी लावीन. तोंड झाकून नाही."

ती हसली. कौन्सेलर मुलीकडे बघून म्हणाली, अरे, दादीजी तो नाराज हो गईं. मुलगीही थोडं हसली. पूर्वी मी अशा हसण्यात सामील व्हायची. सगळ्यांच्या आधी हसायची, म्हणजे विषय संपतो. या वेळी मी हसले नाही. खोलीत मग कोणालाच नीट हसता येईना.

मी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मुलीला म्हटलं, भिंतीवर लावलेले माझे फोटो तुमच्या मशीनमधून काढून टाका. ती म्हणाली, बिफोरचे ठेवावे लागतात, आजी. मी म्हटलं, बिफोर कशाच्या आधीचा? पुढे काही येणार नाही. मी समोर उभी राहिले आणि तिने ते काढेपर्यंत हलले नाही. बाहेरच्या बायका काचेतून बघत होत्या. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते. धैर्य वगैरे काही वाटत नव्हतं. लाजच वाटत होती. पण ती माझ्या चेहऱ्याची नव्हती. मी इथे आले याची होती.

परत येताना रेल्वे फाटकाजवळ थांबलो तेव्हा तुमचे बाबा म्हणाले, "आई, इतकं बोलायला नको होतं. पोरीला त्या घरात राहायचं आहे." मी म्हटलं, म्हणूनच बोलले. मालगाडी जाईपर्यंत आम्ही दोघं समोर बघत बसलो.

आणि मग तुझा फोन. तुझ्यापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. तू म्हणालीस, आजी, त्यांचा हेतू वाईट नव्हता. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. थोडं ॲडजस्ट कर ना. तुझा आवाज रडका होता. मी फोन ठेवला. तुझा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा ठेवला.

म्हणून आता नीट सांगते.

लेझर वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाजलेल्या माणसाला, अपघातातल्या माणसाला त्याने आधार मिळतो. उद्या तुम्हा दोघांपैकी कोणाला करावंसं वाटलं तर जरूर करा. मशीन कोण चालवतं ते विचारा. आपल्या रंगाच्या लोकांचे अनुभव विचारा. जोरदार उपचाराला भुलू नका. आधी लहानशा जागेवर करून बघा आणि थांबा. पण या सगळ्याच्या आधी एक विचारा. हा चेहरा नको आहे तो कोणाला? मला, की समोरच्याला? समोरच्याला नको असेल तर कोणतंही लेझर पुरत नाही. खळगे गेले तर तो रंग दाखवेल. रंग गेला तर वस्ती विचारेल.

रोहनच्या आईचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. मालगुजारीणबाईचाही नव्हता. हेतू चांगला ठेवूनच माणसाला बाहेर काढता येतं, हे मी दोनदा पाहिलं आहे. तू त्या घरात जाते आहेस, म्हणून तुला हे माहीत असावं. आज माझा चेहरा आहे. उद्या तुझं आडनाव असेल, तुझ्या बाळाचा रंग असेल. ते तुलाही हसत, खांद्यावर हात ठेवून सांगतील. तेव्हा तू काय करशील ते तुझं तू ठरव. मी काय करणार ते माझं ठरलं आहे.

हळदीच्या दिवशी मी पदर खांद्यावर घेऊन मांडवात येईन. दिवे असतील तेवढे असू देत. पहिली हळद मी लावीन. नंतर रोहनच्या मामीला लावू दे, सगळ्या गावाला लावू दे.

तुला ते नको असेल तर तू स्वतः मला सांग. बाबांकडून नाही, रोहनकडून नाही, मेसेजमध्ये नाही. माझ्याकडे बघून सांग. तू सांगितलंस तर मी येणार नाही, भांडणार नाही, तुझ्यावर रुसणारही नाही. घरी राहीन. दार उघडं ठेवीन आणि जो विचारायला येईल त्याला खरं कारण सांगेन. आजीला बरं नव्हतं, असं मात्र कोणी कोणाला सांगायचं नाही. माझी तब्येत चांगली आहे.